हात पुढे आला की आक्रसणारी कुत्री: स्पर्शाची सवय कशी लावावी?

प्रश्न: दोन वर्षांची कुत्री चार महिन्यांपूर्वी निवाऱ्यातून घरी आणली. आता ती घरभर माझ्या मागे फिरते, हातातून खाऊ घेते, रात्री माझ्याच खोलीत झोपते. पण हात लावायला गेलं की अंग चोरते, जमिनीला चिकटते. गळपट्टा चढवणं म्हणजे रोजची झटापट. परवा आई कुरवाळायला वाकली तर गुरगुरली. एका प्रशिक्षकाने सांगितलं की शांत होईपर्यंत घट्ट धरून ठेवा, भीती आपोआप मोडेल. करू का?

उत्तर:

नका करू. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी. आणि गुरगुरली म्हणून तिला रागावला असाल तर तेही थांबवा. भेदरलेल्या कुत्र्याच्या गुरगुरण्यात धमकी कमी आणि विनवणी जास्त असते. रागावून ते गुरगुरणं बंद करता येतं, भीती मात्र जागच्या जागी राहते, आणि मग पुढच्या वेळी काही न सांगता थेट दात लागतात. 'काही कारण नसताना अचानक चावला' म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच कुत्र्यांची चौकशी केली की शेवटी एक वाक्य निघतंच: आधी गुरगुरायचा, आम्ही ती खोड मोडली. तुमच्या कुत्रीने आईला वेळेवर सांगितलं आणि आई मागे झाली. दोघीही शहाण्या.

दुसरं काम पशुवैद्यांचं. स्पर्श टाळणाऱ्या कुत्र्यात दुखणं आहे का, हे बघितल्याशिवाय मी प्रशिक्षणाला हात घालत नाही. कानातला जुना संसर्ग, किडलेला दात, कंबरेचा किंवा गुडघ्याचा सांधा, त्वचेची आग, यांपैकी काहीही असू शकतं, आणि कुत्री दुखणं लपवण्यात पटाईत असतात. दोन वर्षांच्या तरुण कुत्रीलाही खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक त्रास असू शकतो. विशेषतः एकाच जागी हात लावू देत नसेल, किंवा आधी चालायचं ते आता चालेनासं झालं असेल, तर तपासणी पुढे ढकलू नका. दुखऱ्या जागेवर हात ठेवून खाऊ देत बसण्याइतकं निरर्थक काम नाही. तपासणीलाच ती हात लावू देणार नाही ही अडचण खरी आहे, त्याबद्दल पुढे बोलू.

आता तुम्हाला पडलेलं कोडं. मागे मागे फिरते, हातातून खाते, मग हाताला का घाबरते? मागे फिरताना किती जवळ यायचं ते ती ठरवते. खाऊ घेताना मान पुढे करायची की नाही तेही तीच ठरवते. हात मात्र तुमच्या मर्जीने येतो, बहुधा वरून येतो, डोक्यावरून पलीकडे नजरेआड जातो, आणि तो काय करणार हे तिला कळत नाही. तिच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यावर तिचा विश्वास नाही असं यातून निघत नाही. हाताबद्दलचा विश्वास अजून तयार झालेला नाही, एवढंच.

अशा वेळी सगळे म्हणतात, 'आधीच्या माणसाने मारलं असणार.' असेलही. पण माझा अनुभव असा, की पुष्कळदा कुणी मारलेलं नसतं, कुणी हातच लावलेला नसतो. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की त्यात जे ओळखीचं होतं ते पुढे आयुष्यभर साधं वाटतं. त्या काळात माणसाचा हात आलाच नाही, तर मोठेपणी तो परकाच वाटतो. तुमच्या कुत्रीचं नेमकं काय झालं ते कळायला मार्ग नाही, आणि उपाय दोन्हीकडे एकच आहे, म्हणून मी त्या तपासात वेळ घालवत नाही.

घट्ट धरून ठेवण्याचा सल्ला मोहात पाडतो, कारण तो 'चालतो' असं दिसतं. पाच मिनिटं धडपड, मग कुत्री ढिली पडते, आणि माणसाला वाटतं भीती गेली. १९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. आज तो कुणी करू देणार नाही. काहीही केलं तरी थांबणार नाहीत असे विजेचे झटके आधी काही कुत्र्यांना दिले. नंतर त्यांना अशा जागी ठेवलं, जिथे एका बुटक्या अडसरावरून उडी मारली की सुटका होती. त्यांतल्या बहुतेकांनी उडी मारलीच नाही, जागीच पडून सोसत राहिली. आपण काही केलं तरी फरक पडत नाही, हे ती शिकली होती, असा अर्थ त्यांनी लावला. धरून ठेवलेल्या कुत्रीचं ढिलं पडणं बहुधा याच जातीचं असतं. बाहेरून शांत, आतून धडधड. जी सुटका करून घेण्याइतकी जोरकस असते, ती उलट एवढंच शिकते की पुढच्या वेळी जास्त जोरात चावायचं.

म्हणून सुरुवात तहाने करा. पहिले दहा-बारा दिवस तिला कुणीच मुद्दाम हात लावायचा नाही. ती अंगाला घासून गेली तर जाऊ दे, मांडीशी येऊन बसली तर बसू दे, तुमचे हात स्वस्थ. गळपट्ट्याची रोजची काढघाल बंद. नीट बसणारा, आत दोन बोटं जातील इतका सैल पट्टा गळ्यातच राहू द्या. उद्या फिरायला जाताना नेहमीची झटापट व्हायचीच असेल तर त्याच वेळी पट्ट्याला दोन वितींची हलकी दोरी जोडा, टोकाला छोटी कडी असलेली. यापुढे साखळी त्या कडीत अडकवायची, मानेकडे हात न्यायचाच नाही. एवढी आखूड दोरी सहसा कुठे अडकत नाही, तरी तिला एकटी सोडताना आजूबाजूला नजर टाका. या दिवसांत अंघोळ, नखं, केस विंचरणं सगळं रजेवर. लोकांना हा तह म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं, कारण प्रत्येक हाताची धास्ती घेण्याची तिची गरज तिथेच कमी व्हायला लागते.

हेच दिवस तिला वाचायला शिकण्यात घाला. शेपूट पायांत गेली, कान मागे पडले, अंग जमिनीला टेकलं, हे कुणालाही दिसतं. पण ती उशिराची लक्षणं झाली. त्याआधी बारीक बारीक निरोप येतात. समोर खायला काही नसताना जिभेचं टोक नाकावरून फिरतं. झोप आलेली नसताना जांभई येते. मान किंचित पलीकडे वळते, पण डोळे तुमच्या हातावरच राहतात, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर दिसते. पुढचा एक पंजा हलकेच उचलला जातो. तोंड उघडं असेल तर पटकन मिटतं. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे थिजणं. श्वाससुद्धा अडकल्यासारखी ती स्तब्ध होते आणि माणूस म्हणतो, 'बघा, आज किती छान हात लावू दिला.' हललीच नाही याचा अर्थ आवडलं असा कधीही घेऊ नका. सुखावलेल्या कुत्रीचं अंग सैल असतं, ती कुठे ना कुठे हलत असते, तुमच्याकडे झुकते, हात थांबला तर बघते.

आता मुख्य काम. यामागची कल्पना जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब, त्याला त्रास होणार नाही इतका लांब ठेवायचा, आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. आपल्याकडे सशाच्या जागी तुमचा हात आहे. दोन गोष्टी सांभाळायच्या: हात इतका लांब, इतका थोडा, की भीती जागी होऊच नये, आणि हातापाठोपाठ दर वेळी काहीतरी चविष्ट यावं.

'पाठोपाठ' हा शब्द अधोरेखित करा, कारण नव्वद टक्के घोटाळा इथे होतो. (आकडा माझ्या चिडचिडीचा आहे, कुठल्या पाहणीतला नव्हे.) आधी हात, मग खाऊ. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांनाही खूण आधी मिळायची आणि अन्न नंतर, म्हणूनच खुणेला अर्थ आला. लोक काय करतात? एका हाताने खाऊ नाकाशी धरायचा आणि ती खाण्यात गुंतली की दुसरा हात गुपचूप पाठीवर. कुत्री लवकरच हिशेब मांडते: खाऊ पुढे आला म्हणजे आता हात येणार. एक कुत्रा माझ्याकडे आला तेव्हा चीजचा डबा उघडला की कपाटामागे लपायचा. मालकांना वाटे त्याला चीज आवडत नाही. चीज त्याला प्राणाहून प्रिय होतं, पण दोन महिने ते दाखवूनच त्याला औषध घालायला पकडलं होतं.

खाऊ तिला रोजच्या जेवणात मिळत नाही असा, वाटाण्याएवढ्या तुकड्यांत. उकडलेलं बिनमिठाचं चिकन बहुतेक सगळ्यांना पटतं. (कांदा, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली कुठलीही गोष्ट कुत्र्याला विषारी, हे जाता जाता.) वाटी तुमच्या पलीकडच्या बाजूला, मुठीत नको. तिच्याकडे तोंड करून बसू नका, शेजारी कुशीने बसल्यासारखं जमिनीवर बसा, आणि तिची निघून जायची वाट मोकळी ठेवा. दार बंद, कोपऱ्यात कुत्री, समोर तुम्ही, ही रचना कधीच नको.

पहिल्या दिवशी हात तिच्याकडे जातच नाही. स्वतःच्या गुडघ्यावरचा हात चार बोटं पुढे सरकवा, परत आणा, मग दुसऱ्या हाताने वाटीतून तुकडा उचलून तिच्या पुढ्यात ठेवा. हात हलला, थांबला, नंतर खाऊ. दोन्ही हात एकदम हलले तर ती फक्त वाटीकडे जाणाराच हात बघेल. दहा-बारा वेळा झालं की वाटी उचला, उठा, संपलं. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. तिला अजून हवं असतानाच थांबायचं, हे जमवणं माणसांना कुत्र्यापेक्षा जड जातं.

पुढे कधी सरकायचं ते तीच सांगते. एक दिवस तुमचा हात पुढे सरकेल आणि ती हाताकडे न बघता वाटीकडे बघेल: 'आला हात, माझं कुठंय?' ती नजर ओळखायला शिका. दहापैकी आठ वेळा ती दिसली की पुढचं पाऊल: हात दीड फुटावर, मग फुटावर, मग वीतभर. मांजर दबा धरून येतं तसा हात इंच इंच आणू नका. घाबरवायचं नाही म्हणून लोक हात फार हळू नेतात, आणि नेमका तोच चोरटेपणा तिला खटकतो. साध्या गतीने न्या, फक्त कमी अंतर न्या. हात निघण्याआधी एक ठरलेला शब्द म्हणा, 'हात' म्हटलं तरी चालेल. तो शब्द फक्त याच कामासाठी राखा आणि शब्दाशिवाय हात नेऊ नका. आपल्यावर अचानक काही येऊन पडणार नाही, हे कळण्याने घाबरट कुत्र्याला जेवढा दिलासा मिळतो तेवढा गोड बोलण्याने मिळत नाही.

पहिला खरा स्पर्श खांद्याला किंवा छातीच्या कडेला, बोटांच्या पाठीने, एक सेकंद. थोपटायचं नाही. शब्द, स्पर्श, हात मागे, खाऊ. पुढे एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. वेळ वाढवताय तर जागा तीच ठेवा. जागा बदलताय तर वेळ पुन्हा एक सेकंदावर आणा. खांद्याकडून छाती, हनुवटीखाली, कानाच्या मुळाशी, पाठ, आणि सगळ्यात शेवटी डोक्याचा माथा, पंजे, शेपटीचं मूळ. आपण मात्र नवीन कुत्रा दिसला की सगळ्यात आधी माथ्यावरच हात ठेवतो! बसून जमलेलं उभं राहिल्यावर बिनसेल, वाकल्यावर तर नक्कीच बिनसेल. तिच्या लेखी वाकलेला माणूस हा वेगळाच प्राणी आहे, त्याच्यासाठी पुन्हा लांबून सुरुवात.

हे पंधरा-वीस दिवस सुरळीत चाललं की मी कुत्र्याच्या हातात कारभार देते. मांडीवर घडी घातलेला टॉवेल ठेवा. ती हुंगायला आली, खाऊ. नाक टेकवलं, खाऊ. हळूहळू हनुवटी टेकवून दोन सेकंद ठेवेपर्यंत न्या. मग नियम असा: हनुवटी टॉवेलवर आहे तोवर माझा हात तुला लागेल, तू हनुवटी उचललीस की हात त्याच क्षणी निघेल, आणि मी पुन्हा बोलावणार नाही, वाट बघेन. चिराग पटेल या प्रशिक्षकाने याच तत्त्वावर खाऊच्या बादलीचा खेळ लोकप्रिय केला: कुत्रा बादलीकडे बघतो तोवर काम चालू, नजर काढली की काम बंद. पहिले दोन दिवस ती दहा वेळा हनुवटी उचलून बघेल, खरंच थांबतात का म्हणून. दहाही वेळा थांबा. एकदा जरी 'आता एवढं होऊनच जाऊ दे' म्हणून हात रेटलात, तर तो टॉवेल पुन्हा नुसता टॉवेल होतो. नाही म्हणता येतं हे कळलेली कुत्री नंतर नाही म्हणायचंच कमी करते. हे मी इतक्यांदा पाहिलंय, तरी दर वेळी नवल वाटतं.

रोजच्या लाडांनाही हीच कसोटी लावा. ती स्वतः जवळ आली तर छातीला तीन सेकंद खाजवा आणि हात आपल्या मांडीवर घ्या. ती झुकली, नाकाने हात ढोसला, तर आणखी तीन सेकंद. नुसती उभी राहिली, ओठ चाटले, अंग झटकलं, बाजूला गेली, तर आज इतकंच.

गळपट्टा, नखं, कान यांसाठी वेगळं शास्त्र नाही, फक्त वस्तूची भर पडते. पट्ट्याला बोट लागलं, खाऊ. पट्ट्यात बोट गेलं, खाऊ. हलकं ओढलं, खाऊ. नखांचं मशीन आठवडाभर नुसतं जमिनीवर ठेवलेलं असू दे. एका बैठकीत एकच नख कापलंत तर जगात काही बिघडत नाही.

मधे एखादा दिवस येईल की कालचं सगळं ती विसरली असं वाटेल. बहुधा ती विसरलेली नसते, तिचा दिवस वाईट गेलेला असतो. सकाळी फटाका वाजला, दुपारी अनोळखी माणूस घरी आला, संध्याकाळी तुम्ही टॉवेल घेऊन बसलात. ताण असा थरावर थर चढत जातो आणि उतरायला कधी एक-दोन दिवस घेतो. त्या दिवशी सराव नकोच. आणि ती नेहमीचा आवडता खाऊ नाकारत असेल तर ती आधीच घाबरलेली आहे असं समजून दोन पावलं मागे या.

पशुवैद्यांकडे न्यायची अडचण राहिली होती. टोपलीसारखं, आत तोंड उघडता येईल असं मुसकं घ्या आणि त्याच 'आधी वस्तू, मग खाऊ' पद्धतीने घरी सवय लावा. त्याला थोडे आठवडे द्या. तपासणी तेवढी थांबू शकत नसेल तर पशुवैद्यांशी आधीच फोनवर बोलून घरून निघण्यापूर्वी देण्याच्या भीतिशामक औषधाबद्दल विचारा. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन यासाठी वापरतात, मात्रा तेच ठरवतील. नुसतं अंग सुस्त करणारं आणि भीती तशीच ठेवणारं औषध नको, हेही स्पष्ट बोला. दीड-दोन महिने नीट सराव करूनही ती रोजच घाबरून राहत असेल तर दररोजच्या औषधाचाही विचार करावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही. सतत धास्तावलेल्या मेंदूत नवीन शिकणं नीट रुजत नाही.

आईंबद्दल. त्यांनी सध्या तिला हात लावायचा नाही, तिच्यावर वाकायचं नाही, एकटक बघायचं नाही. दिवसातून चार-पाचदा येता-जाता एक तुकडा तिच्या मागच्या बाजूला टाकायचा आणि आपल्या कामाला निघून जायचं. मागे अशासाठी, की खाऊसाठी तिला आईंच्या जवळ यावं लागू नये. खाऊ मिळतो आणि अंतरही मिळतं. हातातून भरवायची घाई आईंनी करू नये, कारण हावरट पोट पाय पुढे ओढतं आणि खाऊ संपला की ती एकदम भानावर येते, 'अरे, मी इतक्या जवळ कशी?' नेमक्या त्या क्षणी चावे होतात. झालाच तर जखम लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कुत्रीचं लसीकरण झालेलं असलं तरी.

अजून एक. मोबाइल भिंतीला टेकवून सरावाचं चित्रीकरण करा आणि रात्री मंद गतीने बघा. समोर बसलेलं असताना न दिसलेली जिभेची टोकं आणि वळलेल्या माना तिथे दिसतात. माझी स्वतःची पहिल्या वर्षांतली चित्रणं आज बघवत नाहीत. दर तिसऱ्या वेळी माझा वाटीकडचा हात आधी हलतोय आणि समोरची बिचारी कुत्री गोंधळून एकदा इकडे, एकदा तिकडे बघतेय.